बॅक बे भराव योजना

मुंबई बेटाच्या नैर्ऋत्येस मलबार टेकडी व कुलाबा या दोन भूशिरांच्या दरम्यान असलेल्या उथळ उपसागराचा काही भाग भरून काढून शहरासाठी नवी जमीन निर्माण करण्याची योजना. एकोणिसाव्या शतकात एका खाजगी कंपनीने आणि विसाव्या शतकात मुंबई शासनाने ती हाती घेतली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९२० ते १९३० या दशकातील शासकीय कामाचा विचार केला आहे. या कामात सु. १,१४५ एकर (सु. ४६३ हे.) जमीन मिळवावयाची होती, प्रत्यक्षात सु. ४४० एकर (सु. १७८ हे.) एवढीच हाती आली. खर्चाचा अंदाज मात्र काम सुरू होते न होते तोच जवळजवळ दुप्पट झाला. सार्वजनिक बांधकामातील विलंब व खर्चवाढ यांची विधिमंडळ, वृत्तपत्रे, न्यायालय आणि चौकशी समिती अशा चहूबाजूंनी चिकित्सा झाल्याचे हे भारतातील आरंभीच्या मोठ्या प्रकरणांपैकी एक होय.

मुंबईचा इतिहास हा एका अर्थी समुद्र मागे हटविण्याचा इतिहास आहे. मूळच्या सात बेटांमधील खाड्या, दलदली व खाजणे बुजवून आजचे सलग बेट बनले. तेव्हा भराव घालणे हा या शहराला नवा प्रकार नव्हता आणि भरावाचा वा बांधाचा खर्च अंदाजाबाहेर जाणे हाही नव्हता. अठराव्या शतकात वरळी व महालक्ष्मी यांच्या दरम्यान हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालण्यात आला. संचालक मंडळाची संमती नसता एवढा खर्च केल्याबद्दल गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला बडतर्फ करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण ती दोन शतके टिकून राहिली, यावरून अशा कामांविषयीची लोकांची धारणा समजते. माहीम व वांद्रे यांना जोडणाऱ्या बांधरस्त्याचा खर्च एक लाख रुपये धरण्यात आला होता. मध्येच पैसा संपला आणि काम १८४५ मध्ये पुरे होईतो तो १,५७,००० रुपयांवर गेला. हा सर्व भार लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी उचलला व त्याच्या बदल्यात रस्त्यावर जकात घेतली जाऊ नये एवढीच अट घातली. याच माहीमच्या उपसागरावरून पुढे दीडशे वर्षांनी वांद्रे–वरळी सागरी सेतू बांधण्यात आला. १९९९ मध्ये पायाभरणी झालेला हा सेतू सु. ६६० कोटी रुपयांत व पाच वर्षांत होणार होता. ३० जून २००९ रोजी तो खुला झाला तेव्हा खर्च सु. १,६०० कोटी रुपयांवर पोहोचला होता आणि त्यावेळी दाता कोणी नव्हता.

बॅक बे भरून काढण्याची पहिली मोठी खटपट अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) झाली. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यामुळे लँकेशरच्या गिरण्यांकडून पश्चिम भारतातील कापसाला भरमसाट भाव मिळू लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात ‘बॅक बे रिक्लमेशन कंपनी’ उभी राहिली. प्रेमचंद रायचंद याच्यासारख्या सट्टेबाज सावकाराचा तिच्या व्यवहारांशी निकटचा संबंध होता. पाच हजार रुपये भरणा झालेल्या तिच्या भागाला दसपटीपर्यंत भाव आला. समुद्रात अजून टोपलीभर माती पडली नसता तिच्या जमिनीच्या किंमतीवर शहरात देवघेव चालू होती. युद्ध संपताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस शेकडो पेढ्यांना बुडवून गेला आणि कंपनीही बुडाली. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये लिहिलेल्या मुंबईच्या आर्थिक इतिहासात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन केले आहे. कंपनीने किनाऱ्यालगत जी चिंचोळी पट्टी भरली होती तिच्यावरून पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग गेला. उरलेली योजना शासनाच्या कपाटात राहिली.

ती पुन्हा बाहेर निघण्यास शहरातील दाटी कारणीभूत झाली. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या चाळींची दुरवस्था जगापुढे मांडली. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना होऊन रस्तारुंदी व वसाहतींची कामे सुरू झाली. परंतु मोकळी जागा नसलेल्या बेटावर एक वस्ती उठविली की दुसरी अधिक दाटत असे. १९११–१२ च्या सुमारास शासनाच्या अभियंत्यांनी बॅक बेच्या भरावाचा नवा आराखडा तयार केला व १९१४ मध्ये मुंबई विकास समितीनेही शहराच्या वाढीचा साकल्याने विचार केला. पहिल्या महायुद्धामुळे सर्व काही थांबले. या विलंबाचे एक फळ असे, की जुने अंदाजपत्रक युद्धपूर्व दरांचे राहिले आणि ते पुढे नव्या अंदाजाचा आधार बनले.

सर जॉर्ज लॉइड हा डिसेंबर १९१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. तो तरुण, उत्साही आणि विलंबाचा तिटकारा असलेला प्रशासक होता. युद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांना प्रचंड नफा होत होता, जमिनीच्या किंमती वर्षागणिक चढत होत्या आणि कामगारांना राहावयास खोली मिळत नव्हती. त्या वेळी शहर वाढवावे हा विचार चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. नगरपालिका व ट्रस्ट यांच्याकडून हे काम होणार नाही, असे ठरवून लॉइडने १९२० मध्ये स्वतंत्र विकास संचालनालय स्थापन केले व रेल्वेच्या प्रशासनाचा अनुभव असलेल्या सर लॉलेस हेपर याला त्याचा संचालक नेमले. त्याच वर्षी साडेसहा टक्के व्याजाचे, प्राप्तिकरमाफीचे विकास कर्ज काढण्यात आले आणि सु. नऊ कोटी रुपये उभे राहिले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया नगरशुल्क बसविण्यात आले. बॅक बेचा भराव, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या आणि साष्टीतील उपनगरांचा विकास ही संचालनालयाची मुख्य कामे होत.

भरावाच्या कामी सर जॉर्ज ब्यूकॅनन हा सल्लागार अभियंता होता. रंगून बंदराच्या कामात आणि युद्धकाळी मेसोपोटेमियातील बंदर-प्रशासनात त्याने नाव मिळविले होते. अल्पकाळाच्या पाहणीनंतर आणि मुख्यतः जुन्या आराखड्यावर भिस्त ठेवून त्याने जो अंदाज दिला तो चार कोटी रुपयांच्या आत होता. १९२१ मध्ये सुधारलेला अंदाज सात कोटींच्या वर गेला. येथेच थांबून फेरविचार करावयास हवा होता. तथापि कर्ज उभारलेले होते, यंत्रांच्या मागण्या नोंदविल्या जात होत्या, आणि जमिनीचे भाव असेच चढत राहिले तर दुप्पट खर्च झाला तरी योजना नफ्यातच राहील, असा हिशेब पुढे करण्यात आला. नुकसानीचे मूळ दर्यात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधावे, असे या प्रकरणाची कागदपत्रे वाचताना वाटते.

कामाची रीत समजून घेतल्यावाचून पुढील घोटाळा ध्यानात येणार नाही. किनाऱ्यापासून दूर, पाण्यात सु. चार मैल लांबीची भिंत बांधून समुद्राचा तेवढा भाग कोंडावयाचा होता. भिंतीचा पाया मोठमोठे दगड ओतून केलेला असे. हे दगड साष्टीतील कांदिवलीच्या खाणीतून आगगाडीने आणण्यात येत. भिंतीच्या आतील जागा आठ खंडांत विभागलेली होती. एवढी प्रचंड जागा टोपल्या-वाघिणींनी भरणे महाग पडेल म्हणून बंदराच्या बाजूचा तळ ड्रेजरने म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाने कापावयाचा, त्याची पाण्याबरोबर रबडी करावयाची आणि ती नळांमधून कुलाब्याची जमीन ओलांडून बॅक बेमध्ये सोडावयाची, अशी योजना होती. माती खाली बसे, पाणी वाहून जाई आणि हळूहळू जमीन वर येई. यासाठी लागणारे मुख्य जहाज स्कॉटलंडमध्ये बांधण्यात आले व त्याला ‘सर जॉर्ज लॉइड’ असेच नाव देण्यात आले.

या साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे ठीक दिसत होती. पण त्या एकमेकींवर अवलंबून होत्या. ड्रेजर ताशी दोन हजार घनयार्ड माती उपसेल, असे गृहीत धरून कामाची मुदत काढलेली होती. मऊ गाळात हे जमण्याजोगे होते. बंदराचा तळ मात्र अनेक ठिकाणी कठीण चिकणमातीचा निघाला आणि प्रत्यक्ष उपसा गृहीत आकड्याच्या खूपच खाली राहिला. तळाची कसून बोअरिंग-तपासणी कामाच्या आधी व्हावयास हवी होती. तेवढी ती झाली नव्हती. दुसरा दोष भिंतीत होता. दगडांच्या फटींतून भरतीओहोटीचे पाणी खेळत राही आणि आत सोडलेली बारीक माती ओहोटीबरोबर बाहेर निसटे. मोठ्या खर्चाने उपसलेली माती पुन्हा समुद्रात जात असल्याचे दृश्य किनाऱ्यावरील कोणालाही दिसत होते. फटी बुजविण्याचे उपाय योजावे लागले आणि त्यांचा खर्च मूळ अंदाजात नव्हता. काम जितके लांबे तितके व्याज चढे आणि कर्ज तर साडेसहा टक्क्यांचे. खर्चवाढीने विलंब होतो आणि विलंबाने खर्चवाढ, हे चक्र एकदा फिरू लागल्यावर कोणता आकडा कोणामुळे वाढला हे सांगणे संचालनालयालाही अवघड झाले.

इकडे ज्या तेजीवर सर्व इमारत उभी होती तीच ओसरली. १९२२–२३ पासून कापडधंद्यात मंदी आली. १९२४ व १९२५ या वर्षी गिरण्यांत मोठे संप झाले. जमिनीचे भाव उतरले; भराव पुरा झाला तरी त्या भावाने घेणारे कोण, असा प्रश्न उभा राहिला. शहराची लोकसंख्या अखंड वाढत जाईल, हे गृहीतही खोटे ठरले. १९२१ च्या जनगणनेत ती सु. ११ लाख ७६ हजार होती, ती १९३१ मध्ये सु. ११ लाख ६१ हजारांवर आली.

संचालनालयाच्या दुसऱ्या कामाचीही अशीच गत झाली. पन्नास हजार खोल्यांपैकी वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील २०७ चाळींत मिळून सु. साडेसोळा हजार खोल्याच बांधल्या गेल्या. सिमेंट-काँक्रीटच्या या बी. डी. डी. चाळी भक्कम होत्या यात शंका नाही, त्या शतकभर उभ्या राहिल्या. परंतु आरंभी त्यांत राहावयास भाडेकरू येईनात. खोल्या कोंदट, वरळीसारखी ठिकाणे त्या वेळी गिरण्यांपासून दूर आणि भाडे कामगाराच्या मानाने जड. कोकणातून वा साताऱ्याकडून आलेला गडी चार गाववाल्यांसह जुन्या चाळीतील खोलीत राहणे पसंत करी. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून बांधलेल्या वास्तूंचा असा विनियोग व्हावा, यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली.

मुंबई विधान परिषदेत १९२४ पासून या खर्चाची नेटाने चौकशी होऊ लागली. तिचे श्रेय मुख्यतः खुर्शेद फ्रामजी नरिमन (१८८३–१९४८) यांच्याकडे जाते. पेशाने वकील असलेले नरिमन स्वराज्य पक्षातर्फे परिषदेवर आले होते. परिषदेच्या दबावामुळे नेमलेल्या सल्लागार समितीत काम करताना त्यांनी उपशाचे आकडे, यंत्रसामग्रीचा खर्च व भिंतीतील गळती यांविषयी प्रश्नांमागून प्रश्न विचारले. मनू सुभेदार यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी योजनेच्या आर्थिक बाजूवर कोरडे ओढले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने तर हा विषय घरोघरी नेला. योजनेला ‘लॉइड्स फॉली’ म्हणजे लॉइडचा खुळेपणा हे नाव पडले, ते कायमचेच. लॉइड स्वतः डिसेंबर १९२३ मध्येच मुंबई सोडून गेला होता आणि १९२५ पासून ईजिप्तमध्ये उच्चायुक्त होता. दर आठवड्याला उत्तरे देण्याची पाळी त्याच्यामागून आलेल्या सर लेस्ली विल्सनच्या शासनावर आली.

नरिमन यांनी केवळ अकार्यक्षमतेचा नव्हे, तर गैरव्यवहाराचाही आरोप केला. त्यावरून संचालनालयातील हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीची फौजदारी फिर्याद केली. ‘हार्वे–नरिमन खटला’ म्हणून गाजलेल्या या प्रकरणात शासकीय कागदपत्रे व अभियंत्यांच्या साक्षी उघड न्यायालयात आल्या आणि अखेर नरिमन निर्दोष ठरले. परिषदेतील प्रश्नाला ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर देता येत असे; उलटतपासणीत ती सोय नव्हती. फिर्यादीमुळे जे झाकावयाचे होते तेच अधिक उघडे पडले.

दरम्यान भारत सरकारने १९२६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. म्हैसूरचे माजी दिवाण व ख्यातनाम अभियंते सर मो. विश्वेश्वरय्या हे तिचे एक सदस्य होते. त्यांच्या सेवेची पहिली वर्षे मुंबई इलाख्यातच गेली होती. समितीने अंदाजपत्रकातील घाई, तळाच्या अपुऱ्या तपासण्या आणि ड्रेजरकडून धरलेल्या अवास्तव अपेक्षा यांवर बोट ठेवले. योजना टाकून द्यावी तर भिंतीत घातलेले दगड व कोट्यवधी रुपये समुद्रार्पण होणार आणि पुरी करावी तर आणखी कोट्यवधी लागणार, अशा पेचातून मध्यम मार्ग काढण्यात आला. उत्तरेकडील पहिला व दुसरा आणि कुलाब्याकडील सातवा व आठवा हे खंड पुरे करावयाचे आणि मधले तिसरा ते सहावा सोडून द्यावयाचे, असे ठरले. पुढे पहिल्या दोन खंडांच्या कामात ड्रेजरच्या रबडीऐवजी मुरुमाचा सुका भराव वापरण्यात आला. आठव्या खंडातील सु. २३५ एकर जमीन लष्कराने घेतली. सार्वजनिक मैदाने, घरे व उद्याने यांसाठी म्हणून कल्पिलेल्या जमिनीचा निम्म्याहून मोठा वाटा अशा रीतीने सामान्य नागरिकाच्या दृष्टीआड गेला.

भार कोणी सोसला, हा प्रश्न त्या काळी चर्चेत होता आणि त्याला आजही महत्त्व आहे. विकास कर्जाची जबाबदारी मुंबई शहरावर नव्हे, तर इलाख्याच्या तिजोरीवर होती. सिंधपासून कानडी मुलुखापर्यंत पसरलेल्या या इलाख्यातील शेतसारा देणाऱ्या रयतेला बॅक बेची जमीन पाहावयासही मिळणार नव्हती. विधान परिषदेतील बिगरशहरी सभासदांची तक्रार होती, की आमच्या तालुक्यात शाळा व पाटबंधारे यांना पैसा नाही, मात्र मुंबईच्या चिखलासाठी आहे. कापसावरील नगरशुल्काचा बोजाही शेवटी कापूस पिकविणाऱ्यावर पडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी अचूक नसला, तरी मोठी शासकीय कर्जे राजधानीच्या सोयीसाठी काढून त्यांची फेड सर्वांकडून करून घेण्याच्या प्रथेवर त्याने नेमके बोट ठेवले होते.

भरलेल्या जमिनीचे पुढील भाग्य मात्र वेगळे निघाले. पहिल्या दोन खंडांत चर्चगेटच्या पश्चिमेस नवे रस्ते व मैदाने आखण्यात आली. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबर्न स्टेडियम येथेच १९३७ मध्ये सुरू झाले. समुद्राकाठच्या वक्राकार मरीन ड्राइव्हवर १९३० नंतर आर्ट डेको शैलीतील घरांची सलग रांग उभी राहिली. जुन्या गॉथिक वास्तूंसह या भागाचा २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. यावरून लॉइडची दूरदृष्टी सिद्ध झाली, असे म्हणणारे लेखक आहेत. पंधरा-वीस वर्षांनी जमिनीला मोल आले हे खरे. परंतु तेवढ्या अवधीतील व्याज त्या मोलातून वजा केल्यास हे समर्थन बरेच दुबळे होते. शिवाय जी किनारपट्टी लोकांच्या पसंतीस उतरली ती मूळ योजनेचा एक लहानसा भाग आहे.

मध्यंतरीच्या खंडांचे काम स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा निघाले. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने तिसऱ्या खंडापासून पुढे भराव सुरू केला आणि त्यावर उंच कार्यालयीन इमारती झाल्या. १९७० नंतरच्या दशकात येथील भूखंड लिलावाशिवाय दिल्याचा आक्षेप घेऊन पिलू मोदी प्रभृतींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. भूखंडांचे मोल कमी धरले गेले की काय, हा तेव्हाचा वाद होता. १९२४ मध्ये ते फार अधिक धरल्याचा होता. या भागाला नरिमन पॉइंट हे नाव देण्यात आले. त्याच्या दक्षिण टोकावर उभे राहिले असता समोर कफ परेडपर्यंत जे पाणी दिसते, ते १९२० च्या आराखड्यात जमीन म्हणून दाखविलेले होते. १९९१ च्या सागरी किनारा नियमनानंतर तेथे भराव घालण्यावर कायद्याची बंधने आली. पाण्यालगत कफ परेडच्या बाजूस मच्छीमारांची वस्ती असून तेथील होड्या याच उपसागरातून मासेमारीस जातात.